मी पोळी खाल्ली, पण मी बाई नाही! ('मी'चा 'ने' कुठे गेला?)

दहीसाखर (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ११:४०

बायको कोलकात्याची आहे. माझ्या आईशी फोनवर धड बोलता यावं म्हणून सहा महिने हट्टाने मराठी शिकतेय. परवा मी आईला सांगत होतो, "अगं, आज एकच पोळी खाल्ली मी." फोन ठेवल्याबरोबर बायको म्हणते, "खाल्ली? तू बाई आहेस का?"

मी हसलो, पण तिचं चुकलं कुठे? 'मी गेलो' पुरुषाचं, 'मी गेले' बाईचं, हे मीच शिकवलंय तिला. बंगालीत क्रियापदाला लिंगाची भानगडच नाही, त्यामुळे एवढंही तिने कष्टाने पाठ केलंय. त्याच हिशेबाने ती आईला म्हणाली, "मी आंबा खाल्ले." आई अजून हसतेय.

मग तिने वहीत एक नियम स्वतःच काढला: ज्या शब्दाला ने, ला असं काही चिकटलंय, त्याच्याकडे क्रियापद बघत नाही. 'त्याने पोळी खाल्ली': त्याला 'ने' आहे, म्हणून क्रियापद पोळीकडे वळलं. 'आईने मुलीला उठवलं': दोघींनाही काहीतरी चिकटलंय, मग क्रियापद कोणाकडेच न बघता नपुंसकलिंगी एकवचनात गप्प बसलं. मी आयुष्यभर मराठी बोलतोय, पण हे इतकं सरळ माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि लगेच तिने नियम मोडूनही दाखवला. "मी पोळी खाल्ली. 'मी'ला काय चिकटलंय? काही नाही. मग क्रियापद तुझ्याकडे का बघत नाही?"

शाळेत 'कर्मणी प्रयोग' एवढं लिहून दोन मार्क मिळायचे. पण ते नाव झालं, उत्तर नव्हे. भाषाशास्त्रवाले अशा प्रश्नाला हात कसा घालतात? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

टवाळ टोणगा | शुक्रवार, रात्री ११:५२

एकच पोळी खाल्ली हे आईला पटलं का, ते आधी सांगा. (ह. घ्या.)

फळाखडू | शनिवार, सकाळी ६:१५

एकतीस वर्षं मराठी शिकवलं आहे, म्हणून लिहितो. प्रश्न जुना आहे आणि सुटलेला आहे. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) उघडा. 'मी' हे प्रथमेचं रूप आहे तसंच तृतीयेचंही आहे. 'मी गेलो' मध्ये प्रथमा, 'मी पोळी खाल्ली' मध्ये तृतीया. तृतीयेचं जुनं रूप 'म्यां'. 'तू'चं 'त्वां'. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही छापील पुस्तकात 'म्यां केलें' सर्रास दिसेल. पुढे 'म्यां' मागे पडला आणि त्याची जागा 'मी'ने घेतली. रूप एक, विभक्त्या दोन. सौभाग्यवतींना एवढं सांगा.

दहीसाखर | शनिवार, सकाळी ९:०५

धन्यवाद सर. सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न: "आता 'म्यां' कोणी बोलत नाही. मग आजच्या 'मी'मध्ये तृतीया आहे हे तुम्हाला कसं कळतं? जुन्या पुस्तकात होती म्हणून?"

उत्तर नव्हतं. चहा करायला गेलो.

बिनपगारी वैयाकरण | शनिवार, सकाळी ११:३०

वहिनींना भाषाशास्त्राच्या वर्गात बसवा हो कोणीतरी. दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यांनी बरोब्बर पकडलंय. 'हे असं कसं झालं' हा इतिहासाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फळाखडू सरांनी दिलं. 'आज बोलणाऱ्याच्या डोक्यात काय आहे' हा दुसरा. आजच्या चार वर्षांच्या पोराने दामले वाचलेले नाहीत, 'म्यां' ऐकलेला नाही, तरी ते 'मी पोळी खाल्ली'च म्हणतं. ते कशाच्या जोरावर?

न दिसणारी गोष्ट पकडायची तर तिच्या शेजारी असं काहीतरी ठेवायचं, जे तिच्यामुळे बदलेल. वाऱ्यासमोर चिंधी धरतात तसं. 'मी'च्या शेजारी एक नाम ठेवून बघा:

मी मूर्ख तिथे गेलो.
मी मूर्खाने त्याचं ऐकलं.

दुसऱ्या वाक्यात 'मूर्ख'ला 'ने' कुठून आला? 'मी मूर्ख त्याचं ऐकलं' कोणीही म्हणणार नाही. 'मूर्ख' हा शब्द 'मी'चाच जोडीदार, म्हणजे 'मी' ज्या विभक्तीत असेल त्याच विभक्तीत तो येणार. 'मी'वर 'ने' दिसत नाही, पण जोडीदाराच्या अंगावर उमटतो. अनेकवचनात तर आणखी स्वच्छ:

आम्ही दोघे गेलो.
आम्ही दोघांनी सिनेमा पाहिला.

'आम्ही बायकांनी ठरवलं', 'तुम्ही लोकांनी घोळ घातला', 'मी आणि दादाने घर रंगवलं'. कुठेही लावा, निघतोच. म्हणजे आजच्या मराठीतही 'मी' आणि 'आम्ही' इथे 'ने'वाल्या जागेवरच बसलेत, फक्त त्यांच्या अंगावर तो वाजत नाही. वहिनींचा नियम मोडलेला नाही. प्रत्यय 'दिसला' तर नव्हे, 'असला' तर क्रियापद बघत नाही, एवढाच बदल करायचा.

भाषाशास्त्रज्ञ दिवसभर हेच करतो. एक वाक्य घ्यायचं, एकच गोष्ट हलवायची आणि कान काय म्हणतो ते बघायचं. जे वाक्य कानाला साफ नापसंत, त्याच्या डोक्यावर एक तारा ठेवतात: *मी मूर्ख त्याचं ऐकलं. आमच्या धंद्यात चांगल्या वाक्यांपेक्षा ताऱ्यांची वाक्यं जास्त मोलाची, कारण नियमाची हद्द कुठे संपते ते तीच दाखवतात. पुस्तकांतून लाख वाक्यं गोळा केलीत तरी त्यांत 'काय होत नाही' ते सापडत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

हिरवी मिरची | शनिवार, दुपारी १२:१०

'आम्ही दोघांनी' वाचून अंगावर काटा आला. रोज बोलते हे! 'आम्ही'ला काही नाही आणि 'दोघां'ना 'नी', कधी खटकलंच नाही.

टवाळ टोणगा | शनिवार, दुपारी १२:१४

मी मूर्खाने हा धागा उघडला.

पोथीवाला | शनिवार, दुपारी १:४५

'नसून असणारा प्रत्यय' हे ऐकून कोणाला पाश्चात्त्य शोध वाटेल, म्हणून नोंद. अष्टाध्यायीत 'अदर्शनं लोपः' (१.१.६०): जे असायला हवं ते न दिसणं म्हणजे लोप. आणि दोनच सूत्रं पुढे 'प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्' (१.१.६२): प्रत्यय लोपला तरी त्याच्यामुळे होणारं कार्य होतंच. आपल्या 'मी'ला हे तंतोतंत लागू. कर्त्याला तृतीया का, तर 'कर्तृकरणयोस्तृतीया' (२.३.१८). अडीच हजार वर्षांपूर्वी सगळं सांगून झालंय.

बिनपगारी वैयाकरण | शनिवार, दुपारी २:२०

पाणिनीला दंडवत, त्यात वादच नाही. शून्याला व्याकरणात मानाचं पान त्याने दिलं आणि आजही आम्ही ती युक्ती वापरतो. पण दोन गोष्टी. तुम्ही दिलेल्याच्या पुढचंच सूत्र 'न लुमताङ्गस्य' (१.१.६३) आहे, म्हणजे सगळ्या लोपांना तो नियम सरसकट लावू नका हे पाणिनीनेच बजावलंय. दुसरं, 'दिसत नाही पण आहे' ही भाषा भुतांचीही असते. पाहिजे तिथे शून्य प्रत्यय ठोकला तर काहीही सिद्ध करता येईल. 'मूर्खाने' सारखा दिसणारा पुरावा हातात असेल तरच शून्य मानायचं. नाहीतर नाही.

शिवारातला | शनिवार, दुपारी ४:००

सर म्हणतात 'म्यां' मागे पडला. कुठे मागे पडला? माझी आजी आजही म्हणते, "म्या न्हाई केलं, त्वा केलंस." शाळेत मी 'म्या' म्हटलं की पट्टी बसायची, गावंढळ म्हणून. आज कळतंय की तृतीयेचं रूप आम्ही सांभाळून ठेवलं होतं आणि ते हरवलेल्यांनी आम्हाला मारलं.

फळाखडू | शनिवार, संध्याकाळी ५:३०

शिवारातला, तुमचा टोला लागला. पट्टी मी कधी मारली नाही, पण लाल शाईने 'म्या' खोडला आहे, अनेकदा. 'म्या' म्हणजे ज्ञानेश्वरीतला 'मियां'च, हे मला ठाऊक होतं. तरी खोडला.

म्हापशेंकार | शनिवार, संध्याकाळी ६:१०

आमच्या कोंकणीत हे अजून लख्ख आहे. 'हांव गेलों', पण 'हांवें काम केलें'. तूचं 'तुवें'. रूपं वेगळी, घोटाळाच नाही. तुमच्या वहिनींना आधी कोंकणी शिकवायला हवी होती.

बिनपगारी वैयाकरण | शनिवार, संध्याकाळी ७:४०

म्हापशेंकार, मोलाची भर. आता शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही बघू. गुजराती: 'हुं गयो' पण 'में केरी खाधी', तिथेही फरक जिवंत. हिंदी: 'मैं गया', 'मैंने आम खाया', 'ने' उघड. पंजाबी मात्र आपल्यासारखी: 'मैं रोटी खाधी', तिथेही 'मैं'ला 'ने' नाही, पण तिसऱ्या माणसाला आहे.

गंमत अशी की हिंदीचा 'मैं' आणि आपला 'मी' दोघेही मुळात तृतीयेच्या घरचे, संस्कृत 'मया'च्या वंशातले. 'अहम्'चा वंश गुजरातीच्या 'हुं'मध्ये आणि कोंकणीच्या 'हांव'मध्ये राहिला. मराठीत तृतीयेच्या रूपाने प्रथमेची खुर्ची बळकावली. ज्ञानेश्वरीच्या काळापर्यंत 'मी' प्रथमेत स्थिरावला होता, तृतीयेसाठी 'मियां' वेगळा होता. मग 'म्यां'ही झिजत 'मी'तच मिसळला. हिंदीने 'मैं'ला वर आणखी 'ने' चिकटवला, म्हणजे तिथे तृतीयेवर तृतीया. संस्कृतात 'मया फलं खादितम्' म्हणताना 'खादितम्' फळाकडे बघायचं, तेच वळण आपल्या 'खाल्लं'मध्ये उतरलंय. म्हणजे वंशावळ काढून बसलात तर विचित्र वाक्य 'मी पोळी खाल्ली' नाहीच. विचित्र वाक्य 'मी गेलो'.

एकशेवीस पान | शनिवार, रात्री ८:३०

पण 'मी-तू' लाच ही सूट का? 'त्या'ला 'ने' लागतो, 'राम'ला लागतो, आम्हा-तुम्हालाच माफी. हा नुसता उच्चार झिजण्याचा अपघात?

बिनपगारी वैयाकरण | शनिवार, रात्री ९:१५

इथे भांडण आहे आणि ते अजून चालू आहे.

ज्या रचनेत सकर्मक क्रियापदाचा कर्ता वेगळी खूण घेतो तिला एर्गेटिव्ह म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य क्वीन्सलंडमधली जिर्बल भाषा यासाठी प्रसिद्ध आहे. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी तिचं व्याकरण १९७२ साली प्रसिद्ध केलं. तिथे नामांना ही खूण लागते, पण 'मी' आणि 'तू'ला नाही. आपल्याशी काडीचा संबंध नसलेली भाषा, आणि तोच भेदभाव! १९७६ मध्ये मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी मांडलं की यात एक उतरंड आहे. 'मी-तू' सगळ्यात वर, मग 'तो-ती', मग माणसं, मग जनावरं, मग वस्तू. वरचे लोक कर्ता असणं अपेक्षितच, त्यांना वेगळा बिल्ला कशाला? खालचा कोणी कर्ता झाला तर सांगावं लागतं.

दुसरी बाजू म्हणते, आधी भाषेचा इतिहास बघा. अश्विनी देव आणि देवयानी शर्मा यांनी २००६ मध्ये आपल्या भागातल्या भाषा शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की एर्गेटिव्ह खूण कुठे शाबूत आहे, कुठे अर्धी उडालीय, कुठे पूर्ण गेलीय आणि दर ठिकाणी वाट वेगळी आहे. माझं मत विचाराल तर सर्वनामं जास्त वापरली जातात म्हणून जास्त झिजतात, आणि उतरंड त्या झिजेला अडवत नाही, एवढंच. पण कोंकणीने 'हांवें' का राखला याचं उत्तर यातून मिळत नाही, हे कबूल.

सीमाभाग | शनिवार, रात्री १०:५०

इतका वेळ वाचतोय. आता राहवत नाही. मी बेळगावचा. तुम्ही सगळे 'मी काम केलं' धरून चाललाय. आमच्यात 'मी काम केलो' म्हणतात. 'मी त्याला सांगितलो.' चंदगड-गडहिंग्लजकडेही ऐकाल. म्हणजे वैयाकरणबुवा, तुमचा तो तारा आमच्या डोक्यावर पडणार ना?

फळाखडू | शनिवार, रात्री ११:०५

सीमाभाग, राग मानू नका, पण ती कानडीच्या संगतीने आलेली चूक आहे. बोलीत चालते. प्रमाण मराठीत अशुद्धच.

सीमाभाग | शनिवार, रात्री ११:१२

सर, दुपारी 'म्या' खोडल्याचं वाईट वाटत होतं तुम्हाला. रात्री 'केलो' खोडताय.

शिवारातला | शनिवार, रात्री ११:१३

+१

बिनपगारी वैयाकरण | रविवार, सकाळी ८:२०

रात्रभर विचार करत होतो. सीमाभाग बरोबर आहेत आणि चूक माझी आहे. ताऱ्यावर पत्ता लिहायला हवा होता. '*मी काम केलो' हा तारा माझ्या मराठीतला. बेळगावच्या मराठीत त्या वाक्यावर तारा नाही. तिथे कदाचित माझ्या वाक्यावर असेल.

आणि ती 'चूक' नाही, कारण तिच्यात शिस्त आहे. चूक अधूनमधून होते, नियम दर वेळी लागतो. कानडीत 'नानु केलस माडिदे' (मी), 'अवनु केलस माडिद' (तो), 'अवळु केलस माडिदळु' (ती). क्रियापद कायम कर्त्याकडेच बघतं, एर्गेटिव्ह प्रकार नाहीच. पिढ्यान्पिढ्या दोन्ही भाषा एकाच तोंडात राहिल्या की वाक्यांचे साचे एकमेकांकडे सरकतात. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास यासाठी जगभर शिकवला जातो. गम्पर्झ आणि विल्सन, १९७१. तिथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येईल, असं त्यांनी मांडलं. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडची पुन्हा तपासणी केली आणि चित्र एवढं सरळ नाही हे दाखवलं. कुठल्याही चांगल्या अभ्यासाचं हे व्हायलाच हवं.

हिरवी मिरची | रविवार, सकाळी ९:००

अवांतर: कोल्हापूरकडच्या माझ्या मावश्या 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. दहीसाखर यांच्या सौं.ना तिकडे नेऊ नका, वही फाडून टाकतील.

दहीसाखर | रविवार, सकाळी १०:३०

उशीर झाला, तिने वाचलं. आणि तिचा पुढचा वार: "मी मराठी शिकले. मी नाव विसरले. मी पाणी प्यायले. इथे क्रियापद माझ्याकडे बघतंय. आता?"

बिनपगारी वैयाकरण | रविवार, दुपारी १२:००

वहिनींना साष्टांग नमस्कार.

ही टोळी वेगळीच. 'तो मराठी शिकला', त्याने नव्हे. 'ती नाव विसरली', तिने नव्हे. कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी 'ने' नाही. बऱ्याच भाषांत शिकणं, समजणं, पिणं अशी क्रियापदं वेगळी वागतात. त्यांत करणाऱ्याच्या हातून वस्तूचं काही होण्यापेक्षा करणाऱ्यालाच काहीतरी होतं. ज्ञान आत जातं, पाणी आत जातं. इथे अर्थ व्याकरणात हात घालतो.

पण लगेच खूश होऊ नका. खाणंही आतच जातं ना? मग 'त्याने भात खाल्ला' पण 'तो भात जेवला' असं का? एकाच ताटावरची दोन क्रियापदं! आणि 'तो म्हणाला', पण 'त्याने म्हटलं'. नुसत्या अर्थावर भागत नाही. काही गोष्टी क्रियापदागणिक लक्षात ठेवाव्याच लागतात. वहिनींनी वहीला वेगळं पान करावं.

पोथीवाला | रविवार, दुपारी १२:४०

'तू पोळी खाल्लीस' विसरलात. 'ली' पोळीची आणि 'स' तुझा. क्रियापद एकाच वेळी दोघांकडे बघतंय.

बिनपगारी वैयाकरण | रविवार, दुपारी १:०५

विसरलो नव्हतो, वहिनींना घाबरून लपवलं होतं.

सीमाभाग, तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या मराठीत 'मी केलो'. मग 'आम्ही दोघांनी केलं' की 'आम्ही दोघे केलो'? जोडीदारावर 'ने' उमटतो की नाही, यावर सगळं अवलंबून. क्रियापद कर्त्याकडे वळलं तरी विभक्ती मागे राहिलेली असू शकते. मला ठाऊक नाही, आणि पुण्यात बसून मी ते ठरवू नये.

सीमाभाग | रविवार, दुपारी १:३०

मला विचाराल तर गोंधळ होतो. शाळा, पुणे, नोकरी, सगळं मिसळलंय. आत्या चंदगडला आहे, गाव सोडून कधी राहिली नाही. तिला फोन करून विचारू?

बिनपगारी वैयाकरण | रविवार, दुपारी १:४५

विचारू नका! हाच पहिला धडा. 'आत्या, तू असं म्हणतेस का?' विचारलंत की ती मास्तरांपुढे उभी राहिल्यासारखं पुस्तकी मराठी बोलणार. मी एका काकांना विचारलं होतं, तुम्ही 'आमी जातू' म्हणता का? "छे, असं अडाणी कोण बोलतं," म्हणाले, आणि निघताना म्हणाले, "बरं, आमी जातू."

तिला काहीतरी सांगायला लावा. ती आणि तिची बहीण लहानपणी कुठे गेल्या, काय केलं, कोणाची खोडी काढली. 'आम्ही दोघी' आपोआप येईल. रेकॉर्ड करण्याची परवानगी मात्र आधी घ्या. कशासाठी ते 'जुन्या आठवणी आणि आपली बोली' एवढंच सांगा, बाकी खुलासा नंतर.

फळाखडू | रविवार, दुपारी ३:००

सीमाभाग, ध्वनिमुद्रण मलाही पाठवाल का? लाल पेन बाजूला ठेवून ऐकेन.

सीमाभाग | रविवार, दुपारी ३:२०

पाठवतो सर. पुढच्या रविवारी जातोय. आत्या आणि तिची बहीण दोघी एकत्र बसल्या की चिंचा चोरल्याची गोष्ट निघतेच, आणि चोरी नक्की कोणी केली यावर दर वेळी भांडण होतं.

टवाळ टोणगा | रविवार, दुपारी ३:२२

कोणी केली की कोण केला?

सीमाभाग | रविवार, दुपारी ३:२५

तेच ऐकायचंय.